पुरावानाना आणि चांदीचा मग

‘आज फार उकडतंय’ असं कुणी म्हटलं, तरी पुरावानाना विचारायचे, “कालच्यापेक्षा? पुरावा काय?” साताऱ्याजवळच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून ते सिंगापूरला मुलाकडे, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमधल्या ‘व्हेजिटेरियन’ या पाटीवरही त्यांचा विश्वास नव्हता. ते थेट कढईत डोकवायचे, आणि नवल म्हणजे तिथल्या चिनी मावशी त्यांना डोकवू द्यायच्या.

माझं नेमकं उलट. चांगी बिझनेस पार्कमध्ये मॅनेजर, राहायला बुकित तिमाहचा कॉन्डो, आणि नव्या पैशाला शोभणारा जुन्या वस्तूंचा नाद नुकताच जडलेला. एका रविवारी जुन्या बाजारातून मी चांदीचा एक इंग्रजी मग आणला. तळाशी सिंहाचा छाप आणि पोटावर कोरलेली अक्षरं. वरच्या ओळी झिजल्या होत्या. ‘प्रेझेंटेड’ कसंबसं लागत होतं. शेवटचे दोन शब्द मात्र स्वच्छ: ‘बेस्ट राम’.

कुणा इंग्रज कर्नलानं आपल्या मराठी शिपायाला, रामाला, हा मग भेट दिला, हे मला परतीच्या टॅक्सीतच उमगलं. पुढच्या पार्टीत रामाला मिशा फुटल्या. त्याच्या पुढच्या पार्टीत त्यानं कर्नलाचा जीव वाचवला. बायको म्हणाली, “आता त्याचं लग्न तेवढं लावू नकोस.”

मराठी मंडळातल्या ओळखीनं घरी आलेल्या नानांनी मग हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. “गोष्ट झकास आहे. पुरावा?”

“नाना, अक्षरं समोर आहेत की!”

“अक्षरं पाहिलीत तुम्ही. वाचायची राहिलीत.”

त्यांनी भिंगातून पाहून सगळी अक्षरं आणि छाप कागदावर उतरवून घेतले आणि लायब्ररीत जाऊन बसू लागले.

मंडळाच्या गणेशोत्सवात माझं भाषण ठरलं, विषय अर्थातच वीर राम. हॉलच्या दारातच नानांनी मला गाठलं. “दोन मिनिटं ऐकून घ्या.”

“भाषण झाल्यावर, नाना,” म्हणत मी कडक इस्त्रीचा झब्बा सावरत स्टेजवर चढलो. भाषण रंगलं. शेवटी कुणीतरी विचारलं, “राम कुठल्या पलटणीतला होता?” हे मी अजून रचलं नव्हतं. मी ऐटीत म्हणालो, “ते आमचे नाना सांगतील.”

नाना नाइलाजानं उठले. “पलटण नाही, कळप. तो राम नाही, रॅम आहे. रॅम म्हणजे मेंढा. झिजलेल्या ओळीत ‘ॲग्रिकल्चरल’ एवढं लागतं. शेतकी प्रदर्शनात सर्वोत्तम मेंढ्याला मिळालेलं बक्षीस आहे हे.”

जन्म कॉम्प्युटरपुढे घालवलेल्या माणसाला रॅम हा शब्द सुचू नये! हॉलमध्ये असा हशा पिकला की आरतीला उशीर झाला. मी मग बगलेत मारून मागच्या दारानं सटकलो आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन बसलो.

थोड्या वेळानं नाना मोदकांची बशी घेऊन आले. कठड्यावर माझ्या शेजारी टेकले. “मालकाचं नाव का दिसत नाही, ठाऊक आहे? घरच्यांनी घासून घासून पुसलंय. पिढ्यान्‌पिढ्या कौतुकानं घासलंय. मेंढा वाढवणाऱ्याचा एवढा मान राहिला त्या घरात. तुम्हाला कर्नलच कशाला हवा?”

मी दोन मोदक खाल्ले. त्यानंतर नाना दर रविवारी आमच्याकडे येऊ लागले. घरातलं एकेक ‘पुरातन’ खेळणं खोटं ठरवायचे, आणि मला त्याचा राग येईनासा झाला.

पुढे सिंगापूरची हवा मानवेना म्हणून ते गावी परतले. दोनेक वर्षांनी ते गेल्याचं कळलं. सुटीत मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांचे एक जुने विद्यार्थी घरी बसले होते. मी नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे मेंढ्याचे साहेब तुम्हीच! सर येईल त्याला तुमची गोष्ट सांगायचे. चूक कळल्याबरोबर भर सभेत तुम्ही मग उंच धरलात आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसलात. सर म्हणायचे, एवढं धैर्य मी इतिहासातही फार थोड्यांत पाहिलं.”

मला ते कचऱ्याचे डबे आठवले. नानांचं म्हणणं खोडून काढायला आयुष्यात प्रथमच माझ्याकडे सज्जड पुरावा होता.

मी खाली मान घालून चहा प्यालो.