मारुतीचा प्रश्न

सांगलीच्या हळदपेठेवरून रिक्षा जायला लागली, की तो वास नाकात शिरतो आणि मी आजही तोंड फिरवतो.

सत्तरच्या दशकात मी इथे डॉक्टरकी शिकत होतो. दर शनिवारी दुपारी जर्नल क्लब भरायचा. एकाने परदेशी मासिकातला लेख वाचून मांडायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. त्या दिवशी पाळी माझी होती आणि मी फक्त वरचा सारांश वाचला होता. नवं औषध किती गुणकारी आहे, ते मी ऐटीत सांगितलं.

मागच्या बाकावरून मारुती उठला. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा मुलगा हळदीच्या वखारीत राबून, तिथेच राहून शिकायचा. त्याची बोटं कायम पिवळी असायची.

"औषद मधीच सोडून गेलेली माणसं हिशेबात धरलीच न्हाईत. त्यांचं काय झालं रं?"

मी म्हणालो, "तसं काही लेखात नाही. इंग्रजी नीट वाच, गड्या."

सगळे हसले. सरही हसले. मारुती खाली बसला.

संध्याकाळी ग्रंथालयात मी तो लेख पहिल्यांदा पूर्ण वाचला. तिसऱ्या पानावर औषध सोडून गेलेल्या माणसांना हिशेबातून वगळल्याचा उल्लेख होता आणि शेजारी समासात पिवळ्या अंगठ्याचा ठसा. मी मासिक मिटून कपाटात ठेवलं. कुणालाच काही बोललो नाही. मारुतीने क्लबात पुन्हा तोंड उघडलं नाही.

पुढे मी प्राध्यापक झालो. प्रत्येक जर्नल क्लबात मी तोच प्रश्न विचारायचो. विद्यार्थी कौतुकाने त्याला 'सरांचा प्रश्न' म्हणत, आणि मी म्हणू दिलं.