साडूंच्या तीन चांगल्या गोष्टी

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढा आनंद असेल, त्यातला निम्मा एकट्या आमच्या थोरल्या साडूंकडे आहे आणि उरलेला निम्मा लोकांकडून वसूल करण्यात त्यांचा दिवस जातो, असं माझं प्रामाणिक मत आहे. तीस वर्षं त्यांनी बडनेरा स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागे काढली. गाडी लेट आहे हे सांगायचं आणि वर शिव्या ऐकायच्या, एवढंच काम. तिथेही ते प्रवाशाला हसून सांगत, "तीन घंटे लेट आहे, पण येऊन राहिली ना!" प्रवासी आणखीच भडके. निवृत्तीनंतर अमरावतीत त्यांनी सकारात्मक मानसशास्त्राचं दोन दिवसांचं शिबिर केलं आणि मग तर विचारूच नका. रोज दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या, असं तिथे शिकवलं होतं. बाकीच्या लोकांनी त्या आपल्यापुरत्या आठवल्या असतील. साडूंनी त्या दुसऱ्यांना विचारायला सुरुवात केली.

त्यांच्या घरी तीन चांगल्या गोष्टी सांगितल्याशिवाय पाहुण्याला दुसरी पोळी मिळत नसे. अकोल्याहून निघालो की मी मूर्तिजापूरपासूनच तयारीला लागायचो. एकदा "तब्येत ठणठणीत आहे" म्हणालो, तर पोळी परत टोपल्यात ठेवून म्हणाले, "हे तर मागच्या खेपेले सांगतलं साडूभाऊ, ताजं काही सांगा." मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर, कूलरचा पंप जळालेला, आम्ही सगळे ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन पडलेले, आणि हे गच्चीवरून येऊन जाहीर करतात, "कुरड्या एका दिवसात वाळल्या राजेहो!" चांदूर बाजारला एका तेरवीत तर त्यांनी गेलेल्या माणसाच्या पन्नाशीतल्या मुलालाच गाठलं आणि म्हणाले, "बाबाच्या तीन चांगल्या गोष्टी सांग." मी मांडवाबाहेर पळायची वाट हेरून ठेवली. तो गडी जो बोलायला लागला तो पंगत उठली तरी थांबेना. परतताना साडू मला म्हणाले, "ही आजची पह्यली."

या शास्त्रापुढे एकच व्यक्ती कधी नमली नाही. ती म्हणजे ताई, माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची धर्मपत्नी. साडू रोज संध्याकाळी विचारत आणि ताई भाजी चिरता चिरता मान वर न करता सांगत, "घ्या तीन. नळ आला नाही. ऊन जीव घेऊन राहिलं. आन् तिसरे तुमी, दिवसभर घरात!" साडू खो खो हसत. "तीन पुऱ्या झाल्या. आता चांगल्या सांग वं." शिबिरानंतरच्या सहा वर्षांत ताईंनी एकही चांगली गोष्ट त्यांच्या हाती लागू दिली नाही. आम्हाला या दोघांचं भांडण ऐकल्याशिवाय अमरावतीला गेल्यासारखं वाटत नसे.

मागच्या दिवाळीनंतर ताईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हातही हळूहळू हलू लागला, पण वाचा गेली. येईलही, नाहीही, डॉक्टर म्हणाले. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. आम्ही भेटायला गेलो तेव्हा साडूंनीच स्वयंपाक केला होता. मी तीन गोष्टी तयार ठेवल्या होत्या, पण त्यांनी काही न विचारताच दुसरी पोळी वाढली. हात धुताना ते हळूच म्हणाले, "तिले रोज विचारतो मी. नुसती पाहत राहते. इतके वर्षं ती सांगत होती साडूभाऊ, आन् मी तिले, हे नको, चांगलं सांग, म्हणत बसलो. काहून?" असं का केलं हे स्वतःलाच विचारत ते धुतलेले हात पुन्हा धुऊ लागले.

मग त्यांनी प्रश्नच बदलला. रोज संध्याकाळी ताईंसमोर खुर्ची ओढायची, विचारायचं, "आज काय काय बिघडलं, सांग," आणि थांबायचं. जन्मभर लोकांना थांबायला सांगणाऱ्या माणसाला स्वतः थांबणं नवीन होतं. पण ते थांबले. होळी झाल्यावर एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"साडूभाऊ, बोलली!"

"काय बोलल्या?"

"म्हणते, मीठ नाही!" आणि मग बराच वेळ नुसतं हुंदके गिळणं ऐकू आलं. "खरंच नव्हतं हो वरणात."

परवा मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. जेवायला बसलो तेव्हा साडूंनी ताईंना घास भरवता भरवता विचारलं, "आज काय बिघडलं?" ताईंनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. ओठ जुळवायला वेळ लागला. "नळ," त्या म्हणाल्या. कूलर घरघरत होता, आमचे हात ताटातच थांबले होते. मग दुसरं बोट. "ऊन." तिसरं बोट उचलून त्यांनी साडूंकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी."

साडू हसले, अगदी पूर्वीसारखे, खो खो. दुपट्ट्यानं डोळे पुसले, माझ्या ताटात दुसरी पोळी टाकली आणि म्हणाले, "तीन पुऱ्या झाल्या." त्यापुढचं "आता चांगल्या सांग वं" मात्र ते हल्ली म्हणत नाहीत. मला ते फार ऐकावंसं वाटलं.