दातारकाकांचं नॅट

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत कुणाचंही काहीही बिघडलं, की दातारकाका माफी मागत. वीज गेली, की सगळी दारं उघडायची आणि समोरच्या दारातून काकांचा आवाज यायचा, "माझंच चुकलं. मी आत्ताच पंखा लावला." गच्चीवरची टाकी वाहिली, माझंच चुकलं. तळमजल्यावरच्या पेंडशांच्या मुलाला दहावीला गणितात कमी मार्क पडले, तेव्हासुद्धा त्याला जिन्यात गाठून काका म्हणाले, "मी तुझी थोडी गणितं घ्यायला हवी होती रे. राहूनच गेलं." तो मुलगा बावचळून माझ्याकडे बघत राहिला. काकांनी त्याला गणित शिकवावं, असं आजवर कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माई, म्हणजे काकांची बायको, यावर त्यांची मनसोक्त चेष्टा करत. संध्याकाळी काकांच्या चपला जिन्यात वाजल्या, की मला म्हणत, "आले बघ आमचे आरोपी. आज काय कबूल करतात बघू."

आमचं दार त्यांच्या दारासमोर. मी एका शाळेत चित्रकला शिकवायचे. नवरा फिरतीवर असायचा, त्यामुळे माझा अर्धा दिवस माईंच्या स्वयंपाकघरात जायचा. काका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पेन्सिलीला टोक काढावं तर त्यांनीच. माझ्या वर्गातल्या बोथट पेन्सिली मी त्यांच्याकडे आणून टाकायचे आणि ते रविवारी पेपर पसरून, पाटावर बसून त्या तासायचे. एखादीचं शिसं मोडलं, तर माफी मागायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल मात्र ते कधी काही बोलले नाहीत आणि माईही नाहीत.

काकांबरोबर प्रवास करणं ही शिक्षा होती. पुण्याला एका लग्नाला आम्ही चौघं एकदा एकत्र गेलो, तर काकांनी आम्हाला इतक्या लवकर बाहेर काढलं, की आमच्या गाडीच्या आधीची गाडीही अजून यायची होती. कल्याणच्या फलाटावर माझ्या नवऱ्यानं सगळ्यांसाठी चहा आणला. काकांनी कप हातात घेतला, निवेपर्यंत तसाच धरून ठेवला आणि शेवटी नेऊन स्टॉलवाल्याला परत दिला. त्याचीही माफी मागितली. माझा नवरा चिडला. माईंनी मला हळूच सांगितलं, "स्टेशनवर चहा पीत नाहीत ते. विचारू नकोस काही." विचारू नकोस म्हटल्यावर मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही, हे सांगायला नकोच.

त्याच वर्षी गणपती उठले आणि काका एक कागद घेऊन माझ्याकडे आले. कागदावर त्यांनी एक विमान काढलं होतं, वरून, बाजूनं आणि समोरून. छोटं, नाकाकडे निमुळतं, पंख मागे वळलेले. "नॅट," ते म्हणाले. पासष्टच्या लढाईत ही चिमुकली विमानं गाजली होती. तेव्हाच्या पोरांनी त्यांची चित्रं कापून कपाटांच्या दारांना चिकटवली होती, हे मलाही आठवत होतं. "मला याचं रॉकेट करायचंय," काका म्हणाले. "दिसायला नॅट, उडायला दिवाळीतला बाण. तू रंगवून देशील का? तुला वेळ नसेल तर नको, माझंच चुकलं."

"कुणासाठी करताय?" मी विचारलं. म्हटलं असेल कुणा भाच्याबिच्यासाठी.

"अरूसाठी," काका म्हणाले.

अरू म्हणजे अरविंद, त्यांचा धाकटा भाऊ. कल्याणजवळ मोहन्याला राहायचा, तिथल्याच कारखान्यात स्टोअरकीपर होता. वयानं चाळिशी ओलांडलेला. मी त्याला तोवर एकदाही पाहिलं नव्हतं, कारण तो दादाच्या घराची पायरी चढत नसे. दिवाळीला त्याची बायको एकटीच येई, फराळाचा डबा देई, माईंचा डबा घेऊन जाई. दोन भावांमधलं नातं त्या दोन डब्यांवर चाललं होतं.

विमानाचं अंग काकांनी लाटण्याभोवती जाड कागद गुंडाळून केलं. पंखांना लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, पोटात दिवाळीच्या मोठ्या बाणाची दारूची नळी. नाकासाठी त्यांनी एक लाकडी भोवरा आणला आणि त्याची आर काढून तो काचकागदानं असा घासला, की तो बाजारातून आणलाय हे सांगूनही खरं वाटू नये. आणि तो घासता घासता, माझ्याकडे न बघता, एके दिवशी त्यांनी मला ते सगळं सांगितलं.

"बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. आम्ही तेव्हा कल्याणला होतो. अरूला हवाई दलात जायचं होतं, निवडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. लांब उत्तरेत जायचं होतं. आदल्या दिवशी आईनं माझे पाय धरले. आईनं गं, माझे. म्हणाली, त्याला जाऊ देऊ नकोस. आता मी जाऊ नको म्हटलं असतं, तर त्यानं ऐकलं नसतं. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो आणि चहाला थांबवलं. त्याला गाडीकडे पाठ करून बसवलं. एक चहा झाला, मी दुसरा सांगितला. बिस्किटं सांगितली. गाडी हलली ती मला दिसत होती. मी त्याला बाबांच्या फंडाचं काहीतरी समजावून सांगत होतो."

नंतर वय उलटून गेलं आणि पुन्हा संधी आली नाही. गाडी चुकली, असंच घरात सगळे धरून चालले. आई गेल्यावर, तेराव्या दिवशी, काकांना राहवेना. त्यांनी भावाला सगळं सांगून टाकलं. अरविंद ताटावरून उठला आणि त्यानंतर तो त्या घरात आला नाही.

 मी म्हटलं, "आईसाठीच केलंत ना." काका म्हणाले, "आईला नाही म्हणता आलं नसतं? मी सोपं ते केलं." आणि भोवरा घासत राहिले.

विमान तयार झालं, पण रॉकेट होईना. ते सरळ उडेल का, याची परीक्षा घ्यायची काकांची एक पद्धत होती. विमान जिथे तोलून राहतं तिथे दोरा बांधायचा आणि ते डोक्याभोवती गोल फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं, तर बाण सरळ जाणार. गच्चीवर बायका पापड वाळत घालत होत्या आणि मधोमध दातारकाका, पन्नाशीचा माणूस, गरागरा विमान फिरवत होते. ते दर वेळी शेपटी पुढे करून फिरे. काका थांबायचे, पापडवाल्यांची माफी मागायचे, पुन्हा फिरवायचे.

"पंख मागे घ्या ना," मी म्हटलं. कारण तेवढं मलाही कळायला लागलं होतं. पंख जितके मागे, तितकं ते सरळ उडणार.

"मग ते नॅट राहणार नाही," काका म्हणाले. "अरूला एक बोटभर फरकही कळेल. त्याचं एक स्वप्न मी मोडलं, आता त्याला नकली विमान दाखवू?"

उरला एकच उपाय, नाकात वजन भरणं. आमच्याकडे खाडीवरची एक कोळीण मासे घेऊन यायची. काकांनी तिच्याकडे जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं मागितली. ती पाटी खाली ठेवून हसायलाच लागली. "जालं नाय आन् शिसं कनाला पायजे तुमाला, काका?" पण पुढच्या खेपेला पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली. भोवरा पोखरून काकांनी त्यात ती बसवली. संध्याकाळी गच्चीवर दोरा फिरला आणि नॅटनं पहिल्यांदा नाक पुढे केलं. काका इतका वेळ फिरवत बसले, की त्यांना घेरी आली आणि माईंनी धरून खाली आणलं.

घरी येणार नाही तर नदीवर ये, असा निरोप माईंनी जावेबरोबर धाडला. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी आम्ही मोहन्याच्या नदीकाठी गेलो. काका पहाटेपासून तयार होते. मी विमानाला रुपेरी रंग दिला होता, पातळ हातानं, कारण जास्त रंग म्हणजे जास्त वजन, असं काकांनी मला रोज बजावलं होतं. ते अलगद खाली यावं म्हणून आत घडी करून ठेवलेलं पॅराशूट माईंच्या ब्लाउजपीसचं होतं. वाळूत एक लोखंडी सळई रोवून काकांनी विमान तिच्यावर चढवलं आणि आम्ही वाट बघत बसलो. तो येणार नाही, असं मला मनातून वाटत होतं. काकांकडे बघवत नव्हतं.

अरविंद आला, सायकलवरून. काकांसारखंच कपाळ, तेच पातळ केस. आमच्याशी काही न बोलता तो विमानाजवळ जाऊन उकिडवा बसला. बराच वेळ बघत होता. मग त्यानं पंखावरून बोट फिरवलं.

"पंख बरोबर जागेवर आहेत," तो म्हणाला.

"शेपटी जरा जाड झाली," काका म्हणाले. "माझंच चुकलं."

त्यांनी पेटती उदबत्ती भावाच्या हातात दिली. अरविंदनं वात पेटवली आणि आम्ही सगळे मागे सरलो. एवढं फुसफुसलं, की आता इथेच जळतंय वाटलं. मग नॅट सुटलं ते बाभळींच्या वर गेलं, किंचित कललं, उन्हात चमकलं आणि वर माईंचा जांभळा ब्लाउजपीस उघडला. मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. काका वर बघतच नव्हते. ते अरूच्या तोंडाकडे बघत होते. विमान नदीच्या उथळ पाण्यात उतरलं तेव्हा त्यांनी धाकट्या भावापुढे हात जोडले होते.

अरविंदनं ते हात धरले. "पुरे दादा," तो म्हणाला. "मी माफ केलंय तुला." दोघं तिथे वाळूत उभे राहून रडले. माईही रडल्या, मी रडले.

त्यानंतरचे काका निराळेच होते. अरविंद दर रविवारी यायला लागला. वीज गेली तर काका नुसते मेणबत्ती घेऊन बाहेर यायचे. गाडीच्या वेळेला धावतपळत निघायला लागले. एकदा नाशिकला जाताना चहा पीत बसले आणि गाडी खरोखरच चुकली, तर ते हसत हसत घरी परत आले आणि ही गोष्ट त्यांनी मजल्यामजल्यावर जाऊन सांगितली. माई म्हणाल्या, "आमचे आरोपी सुटले बाई." अशी काही वर्षं गेली. मग एका दुपारी काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. अग्नी अरविंदनं दिला.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी अरविंदराव आले तेव्हा माई देवळात गेल्या होत्या. मी त्यांना आमच्याकडे बसवलं. पाणी दिलं. ते हातात तसंच होतं.

"सुलभाताई, तुम्हाला ती कल्याणची गोष्ट दादानं सांगितली होती ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"माझी गाडीकडे पाठ होती, हे खरं. पण समोर चहावाल्याचं बिस्किटांचं कपाट होतं, काचेचं. त्यात मला गाडी दिसत होती. हलली तेही दिसलं. दादाचा चेहराही दिसत होता, घामेजलेला. मी बिस्किट बुडवत राहिलो."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मला विमानाचं चित्र आवडायचं हो. विमानात बसायची मात्र भीती वाटायची. पण सगळ्या आळीला सांगून बसलो होतो. गाडी चुकली, बरं झालं. नंतर दादानं कबुली दिली, तेव्हा रागावलो नसतो तर मला खरं सांगावं लागलं असतं. म्हणून उठलो ताटावरून. एकदा उठल्यावर परत बसता येईना."

"आणि नदीवर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कडक वाटला.

"नदीवर सांगणारच होतो. उदबत्ती हातात होती तेव्हा तोंडाशी आलं होतं. पण तो माझ्याकडे असा बघत होता, की..." ते थांबले. "माफ केलं म्हणालो. मीच त्याला माफ केलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. दुसऱ्याची टाकी वाहिली तरी माफी मागणारा तो माणूस मला डोळ्यांपुढे दिसत होता. यांच्या अंगावर ओरडावं असं वाटलं. पण समोर बसलेला माणूस पाणी न पिता रडत होता. माई यायच्या आत ते उठून गेले. वहिनींना सांगण्याचा धीर होत नाही, तुम्हीच काय ते ठरवा, एवढंच दारात म्हणाले.

माई आल्या. प्रसादाची वाटी माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं, "अरू आला होता म्हणे? खाली पेंडसे सांगत होते. काय म्हणत होता?"

"काकांची आठवण काढत होते," मी म्हटलं.

"काढणारच गं," माई म्हणाल्या. "फार मोठ्या मनाचा आहे तो. त्यानं माफ केलं म्हणून ह्यांना शेवटची वर्षं सुखाची झोप लागली. मी रोज देवापुढे त्याचं नाव घेते."

मी प्रसाद तोंडात टाकला आणि मान हलवली.