रंगाखालची चीर

रेसच्या गाड्यांचे जुने शॉकअप आणि स्प्रिंगा विकणाऱ्या मावशींकडे गिऱ्हाईक डोळे झाकून यायचं. त्या दुपारी एका तरुणाने पुढच्या चाकांच्या दोन स्प्रिंगा नेल्या. तो गेल्यावर, त्या ज्या जुन्या गाडीतून काढल्या होत्या तिच्याच मागच्या स्प्रिंगा पुसताना एकीचा रंग निघाला आणि खाली केसाएवढी चीर दिसली. पुढच्याही अशाच असल्या तर? भरधाव गाडीत तुटल्या तर?

त्यांनी फोन लावला. कुणी उचलेना. जीव मुठीत धरून त्या पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. शेवटी त्याच्या बायकोने उचलला.

"ते गाडीखाली आहेत, मावशी."

"गाडीखाली? अगं बाई, काय झालं त्याला?"

"अहो, तुमच्याच स्प्रिंगा बसवतायत. काही निरोप देऊ का?"

"आधी त्याला बाहेर काढ, बाई! आणि गाडी जागची हलवू नका."

मावशी स्वतः जाऊन स्प्रिंगा घेऊन आल्या. रंग खरवडला, तर त्यांतल्याही एकीला चीर होती. तरुण वाचला. पण आजवर न खरवडता विकलेल्या स्प्रिंगा कुठल्या कुठल्या रस्त्यांवर धावत असतील, या विचाराने त्यांना घास गिळवेना.