संगणकाच्या पाठीवरची आपट्याची पानं

"आधी उघडून दाखवा," असं म्हणताना आमच्या शेजारच्या काकीसाहेब उजव्या हाताची मूठ मिटत आणि पुन्हा उघडत. उघडणं म्हणजे काय हेच समोरच्याला ठाऊक नसावं, असा तो आविर्भाव असे. कलिंगडवाल्याला त्या हे ऐकवत, मिक्सर दुरुस्त करून आणणाऱ्याला ऐकवत. एकदा आमच्या समाजाच्या सभागृहात ग्रंथालयाचं उद्घाटन झालं. फीत कापली गेली, पाहुण्यांनी ज्ञानाची कवाडं खुली झाल्याचं जाहीर केलं, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "कवाडं राहू द्या, कपाटं आधी उघडून दाखवा." कपाटं उघडली नाहीत. किल्ली कोणाकडे आहे, हे ठरवायला नंतर वेगळी बैठक झाली.

माळव्यातल्या देवासात आमच्या गल्लीत सगळे त्यांना काकीसाहेब म्हणत. माहेर धारचं, सासर इथलं, दोन्हीकडे कधीकाळी दरबारी नोकऱ्या. त्यामुळे 'साहेब' आपोआप चिकटलं होतं. त्यांना ते आवडत नसे. "साहेब म्हटलं की माणसं उभी राहतात आणि कामं बसतात," असं त्यांचं मत. मी शेजारी, त्यांच्या यजमानांचा मित्र, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणे आणि त्या मला भाऊजी.

त्यांचं काम होतं मोडी वाचण्याचं. मोडी म्हणजे जुन्या दरबारी कागदांची लिपी. तिच्यात अक्षरं एकमेकांचा हात न सोडता पळत असतात. वडिलांनी लहानपणी धारला ती शिकवली होती. पुण्याची एक संस्था जुन्या कागदांची छायाचित्रं पाठवी. वहिनी ती संगणकावर मोठी करून वाचत आणि देवनागरीत टाइप करून परत धाडत. पोटासाठी पेन्शन होती. हे काम सकाळी उठण्यासाठी होतं.

या कामामुळे गावातल्या काही प्रतिष्ठितांशी त्यांचं बिनसलं होतं. आपले पूर्वज सरदार होते असं मानणारी मंडळी आमच्याकडे पुष्कळ, तुमच्याकडेही असतील. त्यांतले एक गृहस्थ काचेच्या चौकटीतला मोडी कागद घेऊन आले. तो घरी दिवाणखान्यात टांगलेला असे, दसऱ्याला त्याला हार पडे. "आमची जहागिरीची सनद," ते म्हणाले. वहिनींनी चौकट उघडायला लावली, कागद उजेडात धरला आणि सांगितलं, "लग्नासाठी नेलेला तंबू अजून परत आला नाही, तो लवकर पाठवा, असं लिहिलंय." गृहस्थांनी कागद पुन्हा चौकटीत घातला. हार अजूनही पडतो, असं ऐकतो.

घरी इंटरनेट नव्हतं, तेव्हा छायाचित्रं पेनड्राइव्हमध्ये भरून ओळखीच्या माणसांबरोबर येत. एकदा ते घेऊन येणारा माणूस धामनोदच्या ढाब्यावर जेवला आणि पेनड्राइव्ह तिथेच विसरला. त्यानं फोनवर माफी मागितली, पुढच्या फेरीत आणतो म्हणाला. वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून धामनोदला गेल्या. ढाबेवाल्यानं ती वस्तू बडिशेपेच्या बरणीत जपून ठेवली होती. पुढे आठवडाभर त्यांच्या संगणकाला बडिशेपेचा वास येत होता आणि त्या दरबारी पत्रव्यवहार वाचत होत्या. "इतका ताजा इतिहास मी कधी वाचला नव्हता," त्या म्हणाल्या.

मग पुण्याहून निरोप आला. पुढच्या महिन्यापासून पेनड्राइव्ह बंद. कागद इंटरनेटवरच बघायचे, तिथेच टाइप करायचे. ज्यांच्या घरी ब्रॉडबँड नसेल, त्यांचं काम दुसऱ्यांकडे जाईल. भाषा अतिशय नम्र होती.

हा निरोप त्यांच्या मुलाला फार पसंत पडला. तो पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि वडील गेल्यापासून आईला तिकडे न्यायच्या मागे होता. फोन स्पीकरवर होता, मीही तिथेच बसलो होतो.

"आई, तो डब्बा आता भंगारात दे. त्याच्यावर नेट चालणारच नाही. तू इकडे ये ना. इथे नेट आहे, लिफ्ट आहे, सोसायटीत मंदिर पण आहे."

"मी मंदिराची चौकशी केली होती का?"

"मी इकडून रोज तुझी फिकर करून राहिलो, आणि तू—"

"संगणकावर नेट चाललं, तर तू हा विषय काढायचा नाहीस. नाही चाललं, तर मी पिशवी भरते. ठरलं?"

"ठरलं," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता. हा धंदाच त्याचा होता, त्यामुळे त्याला खात्री असणं साहजिक होतं. मलाही खात्री होती, पण मी ती बोललो नाही. शेजार जाणार म्हणून मला वाईट वाटत होतं.

आमच्या भागात तेव्हा एक कंपनी नवी तार टाकत होती. वहिनींनी फोन केला आणि कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, टायवर ओळखपत्र, हातात टॅबलेट. तो स्वतःला तपासणी अधिकारी म्हणवत होता. बूट काढताना मात्र मोज्याच्या भोकातून त्याचा अंगठा दिसला आणि मला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

"माताजी," त्यानं संगणकाकडे पाहून सुरुवात केली, "ये मशीन तो बहुत पुरानी है."

"माताजी टेकरीवर आहेत. मी खाली राहते," वहिनी म्हणाल्या. आमच्या देवीची टेकरी खिडकीतून दिसते. त्यानं तिकडे पाहून नकळत नमस्कार केला. वहिनी मग हिंदीवर आल्या. "पुरानी तो मैं भी हूँ, भिया. क्या-क्या लगता है, वो बोलो."

"रॅम चाहिए."

"कितनी?"

"ज्यादा."

"ज्यादा कितनी?"

त्यानं टॅबलेटमध्ये पाहिलं. मग संगणकाच्या पडद्यावर काही चौकटी उघडून पाहिल्या. लागत होती त्याहून संगणकात जास्तच होती. पुढे प्रोसेसर. तो धिमा होता, पण टॅबलेटच्या म्हणण्याप्रमाणे चालण्यासारखा होता. दोन्ही वेळा वहिनींनी पदर खोचला.

"अब लॅन पोर्ट," तो म्हणाला. कंपनीच्या राउटरची तार जिथे खुपसायची, ते चौकोनी छिद्र म्हणजे लॅन पोर्ट, असं त्यानं मला समजावून सांगितलं. ते डब्याच्या पाठीला असतं. ते नसलं तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

आम्ही तो डबा भिंतीपासून ओढला. वहिनींनी विजेची तार काढून बाजूला ठेवली. मी टॉर्च धरला.

पाठीवर गंधाचं स्वस्तिक होतं. झेंडूच्या माळेचा वाळका दोरा होता. आणि तारांच्या मधोमध आपट्याची पानं होती, एकावर एक डिंकानं चिकटवलेली, तपकिरी, कडक, एखाद्या जुन्या वहाणेच्या टाचेसारखी.

याचा खुलासा करायला हवा. दरबारी नोकरी केलेल्या घरांत खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. वहिनींच्या घरातली तलवार कधीच गेली होती, पण पूजा राहिली. यजमान पाटावर कात्री, अडकित्ता आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडत, मग संगणकाकडे वळत. पडद्याला कुंकू लावलं तर तो खराब होईल, पुढची बटणं चिकट होतील, म्हणून त्यांनी पूजा पाठीला करायची ठरवलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याचं पान. तारांवर ते टिकेना, म्हणून पाठीवरची एकुलती एक मोकळी जागा त्यांनी निवडली, आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून डिंक लावला. ते गेल्यावर वहिनी दर वर्षी त्याच जागी पान चिकटवत आल्या. जगातल्या प्रत्येक झाकणावर संशय घेणाऱ्या या बाईंनी त्या पानांखाली काय आहे, हे कधी विचारलं नव्हतं.

"पोर्ट नहीं दिख रहा," तो म्हणाला. "नया ही लेना पड़ेगा, आंटीजी."

"खोल के दिखाओ."

"नहीं जी. ये पूजा का है. मैं हाथ नहीं लगाऊँगा." त्यानं खरंच दोन्ही हात मागे घेतले. मोज्याच्या भोकानंतर मला तो आणखी आवडला.

मग वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टीलचं उलथणं घेऊन आल्या. डब्यासमोर जमिनीवर बसल्या. त्या वयात जमिनीवर बसणं त्यांना सोपं नव्हतं.

"वरची माझी आहेत," त्या म्हणाल्या. उलथण्याची कड घालून त्यांनी वरचा थर सोडवला. तो सहज निघाला. त्यांचा डिंक पातळ होता.

"खालची ह्यांची."

उलथणं तिथे थांबलं. मी म्हणालो, "वहिनी, राहू द्या. नवा संगणक घेता येईल. मुलगाही काही परका नाही." हे समजुतीनं बोललो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"भाऊजी, नवा आला तरी मुलगा म्हणेल, नवा झेपत नाही तुला. त्याला संगणक बदलायचा नाहीय, आई हलवायची आहे." त्यांनी माझ्याकडे न बघता कड पानांखाली सरकवली. "आणि ह्यांच्या पानांपायी मी पुण्याला गेले, तर ह्यांनाच चालायचं नाही. इंदूरला मुक्काम पडला तरी वैतागायचे."

पानं सबंध निघाली नाहीत. तुकडे पडत गेले. प्रत्येक तुकडा त्या पदरात ठेवत होत्या. शेवटच्या तुकड्याखाली एक लहानसं चौकोनी छिद्र होतं, आत बारीक सोनेरी तारा, आणि त्यांच्यावर कुंकवाची लाल धूळ.

तपासणी अधिकारी गुडघ्यांवर आला. "है," तो हळूच म्हणाला.

शिवणयंत्राच्या छोट्या ब्रशनं वहिनींनी कुंकू झटकलं. त्यानं आणलेला राउटर खिडकीतून आत घेतलेल्या कंपनीच्या तारेला जोडला आणि त्याची तार त्या छिद्रात खुपसली. टक् आवाज झाला, पण दिवा लागला नाही.

"देखा?" तो खिन्नपणे म्हणाला.

"क्या देखूँ? बिजली का प्लग तो बाहर पड़ा है."

प्लग लावला. छिद्राच्या कडेला हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. वहिनींनी फोन उचलला आणि पुण्याला मुलाला लावला. "चाललं," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. जिंकल्यावर लांबलचक बोलायची त्यांना सवय नव्हती. पानांचे तुकडे त्यांनी देवघरातल्या चांदीच्या डबीत घातले आणि चहाला आधण ठेवलं. अधिकाऱ्यानं चहा घेतला, टाय सैल केला, आणि आपण जवळच्या टोंकखुर्दचे, आपली आजीही कोणाचं ऐकत नाही, असं सांगितलं.

मुलानं शब्द पाळला. विषय काढला नाही. पुढची वर्षं हिरवा ठिपका लुकलुकत राहिला आणि वहिनी सकाळी आंघोळ करून त्या डब्यासमोर बसत राहिल्या. इतरांच्या पूर्वजांची गाऱ्हाणी, भांडणं, रजेचे अर्ज, सगळं त्या घरात येत होतं.

मग त्या आजारी पडल्या. तो बरा होण्यातला आजार नव्हता. मुलगा गाडी घेऊन आला. मी मनाशी म्हटलं, आता नाइलाज आहे. वहिनींनी त्याला खाटेजवळ बसवलं. "तुझं काम कशावर चालतं?"

"नेटवर."

"इथे आहे."

त्यानं राउटरकडे पाहिलं. मग गाडीतून लॅपटॉप आणला. पुण्याला वहिनी गेल्याच नाहीत, तोच इथे राहिला. खाट संगणकाशेजारी आणली गेली. एकाच तारेवर दोघं काम करत. त्याची ऑफिसची बैठक रंगात आली की खाटेवरून आवाज येई, "हळू बोल, इथे माणसं काम करतात."

त्या गेल्या त्या याच घरात, थंडी संपता संपता. शेवटच्या काही दिवसांत त्यांची बोटं चालत नव्हती. त्या पडद्यावर वाचत आणि मुलगा टाइप करी. तो हिंदी शाळेत शिकलेला, टाइप करायची सवय इंग्रजीची. कळफलकावर देवनागरी अक्षरं शोधत शोधत एका बोटानं चालायचा. मी खुर्चीत बसलेलो असे. मी त्यांना शेवटचं पाहिलं त्या दुपारी एक लहानसं पत्र उघडलेलं होतं. कुठल्याशा मिरवणुकीसाठी दरबारानं हत्ती मागवला होता, त्याचं उत्तर. वहिनी सावकाश वाचत होत्या, दर दोन शब्दांनी श्वास घेत.

"चारा पावला नाही. सबब हत्ती येत नाही."

मुलाला हसू आवरेना. मलाही नाही. त्याचं बोट हवेत थांबलेलं.

"हसतोस काय," त्या म्हणाल्या. "नीट टाइप कर. नाहीतर हत्ती येतो असं लिहून ठेवशील."