तोंडाने सांगायची बातमी

अक्कांनी वाईट बातमी कधीही लिहून कळवली नाही. रजा मंजूर झाली, हवी ती पाळी मिळाली, की कार्यालयाच्या फोनवरून त्या परिचारिकेला दोन ओळींचा निरोप जाई आणि खाली 'अक्का' एवढीच सही असे. पण रजा नाकारायची असली किंवा रुग्ण दगावल्यामुळे कुणाची ड्यूटी अचानक संपली असली, की त्या खुर्ची मागे सारत, पदर खोचत आणि उभ्या राहून नंबर फिरवत. बोलणे संपेपर्यंत बसत नसत. मी एकदा कारण विचारले. "ऐकणारीचे पाय लटपटत असतात, साहेब. मग मी बसून कसं सांगू?" त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून पुढे म्हणाल्या, "जे तोंडानं सांगायला जीभ रेटत न्हाई, ते करायचंच न्हाई."

आमची कंपनी बेंगळुरूच्या बसवनगुडीत आहे. रुग्णालयांना आणि घरी आजारी माणूस असलेल्या कुटुंबांना आम्ही परिचारिका पुरवतो. मी तेथे कामकाजाचा व्यवस्थापक, आणि अक्का ड्यूटीचा तक्ता करणाऱ्या. संचालक त्यांच्याहून वयाने मोठे, तरी तेही त्यांना अक्काच म्हणत. त्या मूळच्या निपाणीकडच्या. 'मी येतो', 'मी जातो' असे त्या स्वतःबद्दल आपल्या मुलखाच्या रीतीने बोलत. कार्यालयात मराठी बोलणारे आम्ही दोघेच; इतरांशी झालेले कानडी बोलणे मी इथे मराठीतच देतो आहे. माझ्या पुणेरी वाक्यांची त्यांना गंमत वाटे. "तुमचं मराठी इस्तरीचं हाय, साहेब. मोडंल म्हणून बसतच न्हाई कुठं."

तक्ता संगणकावर तयार होऊ लागला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तरी अक्कांच्या टेबलावर चादरीएवढा कागद पसरलेला असेच. ड्यूट्या साध्या पेन्सिलीने लिहिलेल्या, दिवसातून दहा वेळा खोडलेल्या. रजा मात्र लाल पेन्सिलीने लिहून तिच्याभोवती गोल काढलेला असे. त्या गोलाला खोडरबर लागत नसे. एकदा एका रुग्णालयाचे अधिकारी स्वतः येऊन बसले आणि रजेवरच्या दोघींना परत बोलवा म्हणाले. अक्कांनी त्यांना कॉफी मागवली, कागद त्यांच्याकडे फिरवला आणि गोलावर बोट ठेवून विचारले, "ही आपल्या भावाच्या लग्नात हाय. तुमी सांगतासा तिला? नंबर देतो." अधिकारी कॉफी पिऊन गेले.

त्यांच्या कपाटात फायलींच्या खाली इस्त्री केलेली एक पांढरी साडी असे. कित्येक वर्षे वॉर्डात काढून त्या टेबलावर आल्या होत्या. पण परिचारिका म्हणून असलेली आपली नोंदणी त्यांनी कधी संपू दिली नाही. मुदत आली की कागदपत्रे घेऊन जाऊन नूतनीकरण करून येत. "अक्का, आता कुठं जायचं आहे तुम्हाला?" मी हसून विचारले होते. "कुठं न्हाई. पण हिला आता जमत न्हाई असं कुणी म्हणू नये."

वर्षाच्या शेवटी आमच्याकडे स्नेहसंमेलन होते. कार्यालयाच्याच गच्चीवर मांडव घालून दुपारचे जेवण, काही सत्कार, आणि मी लिहिलेले सरत्या वर्षाचे मनोगत. या समारंभातली विसंगती कुणाच्या फारशी लक्षात येत नसे: सोहळा परिचारिकांचा, आणि परिचारिका ड्यूटीवर. सुटीच्या दिवसांत रुग्णालयांना माणसे अधिकच लागतात. त्यामुळे टाळ्या वाजवायला आम्ही कार्यालयातले लोक, आमची कुटुंबे आणि काही निमंत्रित ग्राहक. अक्कांनी यावर आपला एक नियम बसवला होता. जेवणाची भांडी उघडली, की पळी हातात घेऊन त्या टेबलाच्या पुढे उभ्या राहत. ड्यूटीवरच्या प्रत्येकीचा डबा भरून गाडीत चढेपर्यंत कुणालाही ताट मिळत नसे. एका वर्षी संचालकांनी कौतुकाने ताट पुढे केले, तर अक्का कानडीत म्हणाल्या, "स्वल्प थांबा. तुमी कुठं पळून जाणार हायसा? त्या पोरी जातील." बिसीबेळे भात निवला, पापड मऊ पडले, आणि संचालक रिकामे ताट घेऊन उभे राहिले.

माझ्या मनोगताबद्दल त्यांचे मत ठरलेले होते. त्यात 'आपले हे कुटुंब' हे शब्द दर वर्षी येत. वाचून झाले की त्या म्हणत, "छान लिवलंय. ह्यात माणूस कुठं हाय?" मी ते थट्टेवारी नेई.

आता मला जे सांगायचे आहे, त्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

जॅसिंता ही आमची कारवारकडची परिचारिका. तिची पाच वर्षांची मुलगी गावी आजीजवळ वाढत होती. चार नाताळ जॅसिंता बेंगळुरूतच ड्यूटीवर होती. आईबरोबर नाताळ म्हणजे काय, हे त्या मुलीला ठाऊकच नव्हते. पाचव्या वर्षी अक्कांनी जूनमध्येच डिसेंबरच्या कोऱ्या कागदावर लाल गोल काढून ठेवला. "ह्या खेपेला तू जाणार. अक्कानं सांगितलं म्हण सगळ्यांना," असे त्या सर्वांदेखत म्हणाल्या होत्या.

नाताळच्या तीन दिवस आधी एका ग्राहकाचा संचालकांना फोन आला. त्यांच्या अर्धांगवायू झालेल्या वडिलांपाशी जॅसिंता असे. सुटीत घरी पाहुणे येणार होते आणि त्या दिवसांत त्यांना तीच हवी होती. दुसरी कुणी नको. संचालकांनी मला बोलावून म्हटले, "तेवढे बघा." अक्का त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या भागातल्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात गेल्या होत्या. ड्यूटीचा फोन त्यांच्या टेबलावर होता. मी तो उचलला आणि लिहिले: 'अपरिहार्य कारणाने आपली रजा रद्द करावी लागत आहे. कृपया सहकार्य करावे.' एवढ्यावर थांबलो असतो, तरी तो माझा भ्याडपणाच ठरला असता. पण मी खाली सही केली: अक्का.

का केली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या नावापुढे कुणी वाद घालत नसे, हे खरे कारण. वीस वर्षांत माझ्या नावाने जे कमावले नव्हते, ते मी त्यांच्या नावातून उसने घेतले.

स्नेहसंमेलन नाताळच्या आदल्या दिवशी होते. माझे मनोगत वाचून झाले, टाळ्या झाल्या आणि अक्का डबे भरू लागल्या. भरता भरता त्यांनी ड्यूटीचा फोन खांद्याने कानाशी धरून जॅसिंताला विचारले, "संध्याकाळच्या बसची तयारी झाली काय गं? पोरीला काय घेतलंस?" मी तीन हातांवर उभा होतो. पलीकडचे मला ऐकू आले नाही. अक्कांच्या हातातली पळी थांबलेली मात्र दिसली. त्यांनी फोन खाली घेतला, पाठवलेले निरोप उघडले आणि ते वाक्य सावकाश वाचले. मग माझ्याकडे पाहिले.

"सही झ्याक जमली की तुमास्नी," त्या म्हणाल्या.

संचालक जवळ आले. काय झाले, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "काहीतरी गैरसमज झालेला दिसतो." हा माझा दुसरा अपराध, आणि पहिल्यापेक्षा मोठा, कारण पहिला मी एकटा असताना केला होता.

अक्कांनी उरलेले डबे भरले. एकही सोडला नाही. मग त्या खाली गेल्या आणि थोड्या वेळाने ती पांढरी साडी नेसून गच्चीवर आल्या. त्या वर्षी सत्कार त्यांचाच होता. शाल आणि हार टेबलावर तयार होते. संचालक गडबडून म्हणाले, "अक्का, हे काय? आज तुमचा मान आहे."

"मान हितं खुर्चीवर ठेवा," अक्का म्हणाल्या. "ड्यूटीला माणूस लागतं. जॅसिंता घरला जाणार. तिच्या जागी मी चाललो."

"पण त्या घरच्या लोकांना तीच हवी आहे."

"तिच्या पोरीलाबी तीच पायजे. बरं, येतो."

जिन्यापर्यंत मी त्यांच्या मागे गेलो. काय बोलणार होतो, कोण जाणे. एका पायरीवर थांबून त्या वळल्या. आवाज चढवला नाही. "मी कुणाला सांगणार न्हाई, साहेब. ही वाईट बातमी तुमची हाय. तुमच्या तोंडानं तिला सांगा." आणि मला मागे ठेवून उतरून गेल्या.

जॅसिंताला संध्याकाळची बस मिळाली. तीन दिवस अक्कांनी त्या वृद्ध गृहस्थांना उठवले, बसवले, भरवले. पाहुण्यांपैकी कुणी 'तुम्ही या वयात' असे काहीसे म्हणाले, तेव्हा अक्का म्हणाल्या म्हणे, "त्यांचं वय बघा, माझं कशाला बघतासा?" म्हाताऱ्यांची तक्रार नव्हती. मुलाची होती, आणि ती आमच्याकडे आली.

जानेवारीत बैठक झाली. कागदोपत्री प्रकरण असे दिसत होते: अक्कांनी स्वतःच रजा दिली, स्वतःच निरोप पाठवून ती रद्द केली आणि मग न विचारता स्वतःच ड्यूटीवर गेल्या. 'तेवढे बघा' हे वाक्य संचालकांनी काढले नाही, मीही काढले नाही. मनमानी, असा शब्द वापरला गेला. मी एक वाक्य बोललो असतो, तर सगळे चित्र फिरले असते. अक्का माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या पाहण्यात विनवणी नव्हती. उशिरा येणाऱ्या बसची वाट पाहावी, तसे ते पाहणे होते. मग त्यांनी खिडकीकडे तोंड केले. संचालकांनी माफीपत्र मागितले. "तक्त्यात चूक असंल तर दाखवा, मी माफी मागतो. न्हाईतर मी घरला जातो," अक्का म्हणाल्या. तक्त्यात चूक नव्हती. लाल गोल होता तसाच होता.

निरोप समारंभ त्यांनी घेतला नाही. "भाषण साहेबच लिवणार. नको," एवढेच म्हणाल्या. कपाट आवरले, साडी पिशवीत घातली. चादरीएवढे कागद ठेवून गेल्या. लाल पेन्सिल घेऊन गेल्या. चामराजपेटमधल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये त्या ड्यूटी करतात, असे पुढे कळले. माझ्या घरापासून ते फार तर पंधरा मिनिटांवर आहे. तीन वर्षे मी त्या रस्त्याने गेलो नाही.

या डिसेंबरमध्ये पुन्हा तसाच फोन आला. ग्राहक दुसरे, परिचारिका दुसरी, वाक्य तेच: "तेवढे बघा." मी संचालकांच्या खोलीत होतो. बसलो होतो, तो उभा राहिलो. हे मी ठरवून केले नाही.

मी म्हणालो, "आपल्याकडे वाईट बातमी तोंडाने सांगण्याची रीत आहे. तिचा नंबर हा. आपण सांगावे."

"मी?"

"रजा आपण रद्द करत आहात. मी करणार नाही, आणि माझ्या हाताखालचे कुणी करणार नाही."

त्यांनी फोन हातात घेतला. बराच वेळ त्या नंबराकडे पाहिले आणि फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "राहू दे. दुसरे काही बघू." पुढच्या वर्षीचे मनोगत माझ्याकडून लिहवून घेतले जाईल असे मला वाटत नाही. या वर्षीचे मी लिहिलेच नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे, आणि ह्यात माणूस आहे.

त्याच दुपारी मी जॅसिंताला फोन लावला. ती आता कारवारलाच नोकरी करते. मी उभाच होतो. म्हणालो, "जॅसिंता, तीन वर्षांपूर्वी तुमची रजा मी रद्द केली होती. तो निरोप माझा होता. अक्कांचा नव्हता."

"ठाऊक आहे, सर."

"केव्हापासून?"

"वाचला तेव्हापासूनच. अक्का कधी असं लिहून कळवतील? त्या फोन करतात, आपल्याला रडू देतात, मग आपल्यालाच रागावतात." ती हसली. "फोन नाही आला, तेव्हाच समजले. त्यांना त्रास नको म्हणून गप्प राहिले."

"मग नंतर संचालकांना का सांगितले नाहीत?"

"त्यांनीच सांगू दिलं नाही. म्हणाल्या, साहेब सांगतील. दर नाताळला त्यांचा फोन असतो, सर. मुलीशी बोलतात, आणि ठेवताना विचारतात, 'साहेबांचा फोन आलता काय गं?'"

मग मी तिची माफी मागितली आणि दुसरा नंबर लावला. तो मला पाठ होता, हे मला तेव्हाच कळले.

मी सर्व सांगितले: निरोप, सही, गच्चीवरचा 'गैरसमज', बैठकीतले मौन. अक्कांनी मध्ये एकदाही तोडले नाही. मागे वॉर्डातली भांडी वाजत होती. माझे संपल्यावर त्या म्हणाल्या, "लई दिवस लावलासा, साहेब."

"हो."

"उभं राहून बोलतासा न्हवं?"

"उभाच आहे, अक्का."

"मग बसा आता."