म्हातारपणाचा तज्ज्ञ

माझ्या बायकोचा थोरला भाऊ अर्थशास्त्राचा प्राध्यापक. त्याची विद्यापीठातली सगळी हयात एका वाक्यावर गेली: म्हाताऱ्यांची सेवा घरच्यांनीच केलेली स्वस्त पडते. कोणाला स्वस्त, ते त्याने कधी सांगितलं नाही. याच वाक्याच्या जोरावर तो विभागप्रमुख झाला आणि पुढे एका कारखानदाराने आपल्या धर्मादाय संस्थेवर त्याला संचालक नेमलं. तिथे त्याच्या खोलीत शोभेची झाडं होती आणि त्यांना पाणी घालायला वेगळा माणूस.

त्याची आई मात्र आमच्याकडे, अंथरुणाला खिळलेली. बायकोने शाळेतली नोकरी सोडली. आईला उचलता उचलता तिची कंबर गेली. तिने फोन केला की दादा म्हणायचा, "अगं, मी याच विषयात आकंठ बुडालोय."

एकदा मात्र स्वारी आली. सोबत दोन संशोधक मुली आणि एक कॅमेरावाला. आईच्या खाटेशी बसून त्याने विचारलं, "दिवसातून कितीदा कूस बदलावी लागते?"

"जेवलास का?" आई म्हणाली.

"आई, विचारलंय त्याचं उत्तर दे ना."

फोटो झाले आणि मंडळी निघाली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

आई गेली तेव्हा हा परिषदेत होता. पुढे संस्थेने उत्तम सेवेचा पुरस्कार काढला आणि पहिलाच बहिणीला जाहीर केला.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"जाते. मला बोलायचंय."

सभागृह भरलेलं. पदक हातात घेऊन ती माइकपाशी गेली. "शेवटी आई मलासुद्धा विसरली. मला नर्सबाई म्हणायची. दादाचं नाव तेवढं लक्षात होतं. दार वाजलं की विचारायची, आला का? मी सांगायचे, येतोय. रोज खोटं बोलायचं हे काम दादाच्या हिशेबात कुठे बसतं, ते मला माहीत नाही."

दादा चष्मा पुसत राहिला. मला वाटलं, चला, एकदाचं लागलं.

कसलं काय! महिन्याभरात वर्तमानपत्रात त्याचा लेख आला, सेवेतल्या भावनिक श्रमांवर. सुरुवातीलाच बायकोची वाक्यं, जशीच्या तशी. बोलणारी कोण, तर 'एक काळजीवाहू महिला'. त्या लेखावर त्याला आणखी दोन व्याख्यानांची आमंत्रणं आली.

बायकोने लेख पूर्ण वाचला. "निदान शुद्धलेखन तरी बरं आहे," म्हणाली आणि कंबरेला पट्टा बांधून शाळेत मुलाखतीला गेली.